मधल्या वाटेवरचं विघ्न

ओझरच्या विघ्नहराला मी वर्षातून दोनदा तरी जातो. नोकरीतली तीन वर्षं त्या बाजूला गेली, तेव्हापासूनचा हा नेम आहे. नारायणगावहून आत वळलं की थोड्याच वेळात कुकडीचा काठ लागतो, मग देवळाचं सोनेरी शिखर दिसतं. वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, असं सांगतात. दर्शन झालं की येडगाव धरणाच्या पाण्याकडे पाहत मी घटकाभर बसतो. गेल्या खेपेला असाच बसलो होतो. घाम पुसायला खिशातला रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर रक्तदाबाची गोळी बाहेर आली. सकाळी आठची गोळी, दुपारचे बारा वाजलेले. आदल्या दिवशीचीही राहिली होती, हे त्याच वेळी आठवलं.

इथल्या देवाची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. अभिनंदन राजानं यज्ञ मांडला, त्यात इंद्राला भाग ठेवला नाही. तो यज्ञ मोडण्यासाठी विघ्नासुर निर्माण झाला. मग त्याला चटकच लागली. जिथं यज्ञ चालू असेल तिथं जायचं आणि तो मोडायचा. शेवटी गणपतीनं त्याला शरण आणलं. लहानपणी ऐकलेल्या या कथेतली एक गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. विघ्नासुर येई तो काम चालू झाल्यावर. समिधा पडलेल्या असत, मंत्र चाललेले असत, सगळं सुरळीत आहे असं वाटत असे, आणि तेव्हा तो येई.

औषधांचंही तसंच आहे. दुखणं अंगावर असताना माणूस विष दिलं तरी पिईल. गोळ्या चुकतात त्या बरं वाटायला लागल्यावर. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. एका माणसाचं झालेलं मी पाहिलं, आणि त्यात माझाही वाटा होता.

१९९३ साली मी त्या भागातल्या एका बँकेच्या शाखेत व्यवस्थापक होतो. शाखेत रोजंदारीवर एक शिपाई होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन झाडलोट करायची, माठ भरायचा, दिवसभर लेजरं इकडून तिकडे न्यायची आणि दर दोन तासांनी प्रत्येकाच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायचा. त्यांना कायम करावं अशी शिफारस मी वर पाठवली होती. ते त्या कागदाची वाट पाहत होते.

त्या पावसाळ्यात मामा खोकत असत. मग ते महिन्यातून एकदा अर्धा दिवस मागू लागले. "तालुक्याला जरा काम हाय, साहेब." पहिल्यांदा दिला, दुसऱ्यांदाही दिला. तिसऱ्या महिन्यात मी म्हणालो, "मामा, हे आता दर महिन्याचं ठरलं का काय?" रागावलो नव्हतो. हातातल्या कागदावरून मान वर करून एवढंच बोललो. चौथ्या महिन्यात ते एकदा गेले आणि त्यानंतर त्यांनी अर्धा दिवस मागितला नाही. खोकलाही थांबला होता, अंगानं जरा भरले होते. मला वाटलं, काम झालं असेल.

पुढच्या वर्षी लेजरच्या खोलीत त्यांना खोकल्याची उबळ आली आणि रुमालावर रक्त पडलं. तेव्हा कळलं की मामांना क्षयरोग होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळत, पण त्या महिन्याच्या महिन्याला जाऊन आणाव्या लागत. दवाखान्याची वेळ आणि बँकेची वेळ एकच. अर्धा दिवस गेला की अर्धी मजुरी गेली.

उपचारांसाठी त्यांनी आपलं पिग्मीचं खातं मोडलं. तो कागद सहीसाठी माझ्यापुढे आला. पिग्मी म्हणजे रोजची ठेव. एजंट दुकानोदुकानी फिरतो, पाच-दहा रुपये घेतो, नोंद करतो आणि संध्याकाळी बँकेत भरतो. मुलीच्या लग्नासाठी मामा रोज पाच रुपये टाकत होते. मी पान उलटून पाहिलं. दोन वर्षं चार महिने. बँकेच्या सुट्ट्या सोडल्या तर एकही दिवस कोरा नव्हता.

दुसऱ्यांदा सुरू केलेली औषधं लागू पडली नाहीत. १९९६ साली मामा गेले. चाळिशीही पुरती झालेली नव्हती. माझी तोवर बदली झाली होती. दहाव्यानंतर भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीनं पत्र्याच्या पेटीतून एक पिशवी काढली. आत पहिल्या वेळचं दवाखान्याचं कार्ड होतं. चार महिन्यांच्या चार नोंदी, पुढे सगळं कोरं. बरोबर चौथ्या महिन्याच्या गोळ्या. हाताला सवय असते, मी त्या मोजल्या. सव्वीस दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या.

मी विचारलं, "असं का केलं त्यांनी?"

बाई शांतपणे सांगत गेल्या. सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळायचं. लघवी लाल व्हायची, त्याचं त्यांना भ्या वाटायचं. बँकेत कळलं तर आपल्या हातचं पाणी कोण पिणार, आणि कायम तरी कोण करणार, असं म्हणायचे. शिवाय खोकला थांबला होता. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी."

या वाक्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ज्या माणसानं दोन वर्षं चार महिने पाच रुपयांचा खाडा केला नाही, त्याला निष्काळजी कसं म्हणायचं? मग पिग्मी चालू राहिली आणि गोळ्या का थांबल्या? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. पिग्मीचा एजंट रोज त्यांच्यापर्यंत येत होता. नावानं हाक मारत होता. पैसे नसले तर "उद्या द्या मामा" म्हणत होता, पण दुसऱ्या दिवशी नक्की येत होता. त्याची नोंद दिसत होती, रक्कम वाढताना दिसत होती, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. गोळ्यांच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. मामा एकटे होते.

पिग्मीची ही युक्ती जुनी आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं ती १९२८ साली सुरू केली. ती बँक २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी राहिली. गरीब माणसाची बचत करायची इच्छा नसते असं नाही, रोज कुणीतरी आठवणीनं दारात यावं लागतं, एवढंच त्या मंडळींनी ओळखलं होतं.

वैद्यकातही हे फार पूर्वी ओळखलं गेलं आहे. चरकसंहितेत उपचारांचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. रोग्याच्या अंगी काय असावं? तर आठवण, सांगितलेलं करण्याची तयारी, निर्भयपणा आणि आपला त्रास नीट सांगता येणं. आपण यातल्या दुसऱ्या गुणावरच बोट ठेवतो. "सांगितलेलं ऐकत नाही" ही डॉक्टरांची तक्रार आणि घरच्यांचीही. पण भीती असेल तर माणूस त्रास सांगत नाही, आणि सांगितलेलं करतही नाही. शुश्रूषा करणाऱ्याच्या गुणांत चरकानं अनुराग, म्हणजे रोग्याविषयीचा जिव्हाळा, मोजला आहे. माझ्याजवळ तो नव्हता असं नाही. तो मी कधी बोलून दाखवला नाही.

क्षयाच्या औषधांचा आपल्या देशातला मोठा प्रयोग १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झाला. तोवर क्षयाचा रोगी म्हटला की सॅनेटोरियम. हवा, विश्रांती, दूध-अंडी, आणि महिनोन्महिने घरापासून दूर. पण रोगी लाखांनी आणि खाटा हजारांनी. वॉलेस फॉक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना तीच औषधं देऊन घरी. घरचे रोगी झोपडीत राहत, अर्धपोटी असत, कामावर जात. १९५९ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरच्या डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. घरच्या रोग्यांचा गुण सॅनेटोरियमच्या तोडीचा होता, आणि घरातल्यांना जास्त लागणही झाली नव्हती.

पण त्या घरच्या रोग्यांना नुसत्या गोळ्या देऊन सोडलं नव्हतं. कार्यकर्ते अचानक घरी जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेलं की नाही ते पाहत. गोळ्या चुकवणारे तिथंही निघालेच. औषध घरी घेता येतं, पण घरी एकट्यानं ते महिनोन्महिने घेत राहणं कठीण आहे, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. औषध समोर द्यायचं ही पुढची पद्धत या अनुभवातून आली.

सहा महिने कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक रोग्याच्या मनात असतो आणि बहुतेकांना त्याचं उत्तर कुणी देत नाही. साध्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं असतात, पुढे चार महिने तीन. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. मागे उरतात ते सुस्त पडलेले थोडे जंतू. त्यांना मारायला उरलेले महिने लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचं, तर तगाद्याची पत्रं यायची थांबली, पण मुद्दल फिटलेलं नाही. अशा वेळी हप्ते सोडले तर उरलेले जंतू वाढतात, आणि अर्धवट औषधांना तोंड द्यायला शिकलेले त्यांत जास्त असतात. मग नेहमीची औषधं चालत नाहीत. अशा क्षयाला वर्षानुवर्षं दीड-दोन वर्षांचे उपचार लागत, त्यात महिनोन्महिने इंजेक्शनं. २०२४ साली आपल्या सरकारनं त्यासाठी तोंडानं घ्यायच्या औषधांची सहा महिन्यांची नवी पद्धत मान्य केली, हा मोठाच दिलासा आहे.

मात्र सगळा दोष रोग्याच्या माथी मारून चालणार नाही. डॉ. मुकुंद उपलेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यानं धारावीतल्या शंभर खासगी डॉक्टरांना क्षयावर काय औषध लिहाल, असं विचारलं. १९९१ साली छापलेला तो अभ्यास सांगतो की शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या. रोग्यानं अशा वेळी इमानानं चिठ्ठी पाळली, तरी तो बरा कसा व्हायचा? २०२४ साली अनेक राज्यांत क्षयाच्या काही औषधांचा तुटवडा पडला. केंद्रावर गोळीच नसेल तर खाडा कुणाचा?

आणि आपल्या या भागाकडे पाहा. जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडणीच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपला की परत जातात. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. फडावरचे कलावंत यात्रांच्या दिवसांत आज या गावी तर उद्या त्या गावी. पश्चिमेकडच्या डोंगरांतले आदिवासी पावसाळ्यात भातलावणीला जुंपलेले. यांना कुणी "पुढच्या महिन्यात याच वारी या" असं सांगितलं, तर ते मान हलवतील, पण येतील कसे? सहा महिने एका जागी राहणं हे नोकरदाराचं गणित आहे.

सरकारी कार्यक्रम या गोष्टी हळूहळू शिकला. समोर गोळी देण्याची 'डॉट्स' पद्धत १९९३ पासून काही ठिकाणी करून पाहिली गेली, १९९७ मध्ये कार्यक्रम म्हणून सुरू झाली आणि २००६ पर्यंत देशभर पोचली. आधी आठवड्यातून तीनदा औषध असे. २०१७ पासून ते रोज झालं. 'निक्षय' या संगणकीय नोंदीमुळे गाव बदललेल्या रोग्याला नव्या ठिकाणी शोधता येऊ लागलं. २०१८ पासून पोषणासाठी महिना पाचशे रुपये खात्यात जमा होऊ लागले, २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते हजार झाले. रिकाम्या पोटी मळमळणाऱ्या माणसाला गोळीबरोबर भाकरीही लागते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

मधल्या काळात एक गमतीची युक्तीही निघाली. गोळ्यांच्या पाकिटात प्रत्येक गोळीमागे एक फोन नंबर छापलेला. गोळी काढली की नंबर दिसतो, त्याला मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे नोंद झाली. खर्च शून्य. ऐकून मला पिग्मीच आठवली. पण काही जण गोळी घेत आणि फोन करायला विसरत, तर काही जण फोन करत आणि गोळी घेत नसत. एजंटही नुसता नोंद करणारा असता, तर मामांनी पैसे टाकले असते का, याची मला शंका आहे. नोंद यंत्र ठेवू शकतं. "आज चेहरा उतरलेला दिसतोय" असं विचारायला माणूस लागतो.

हे सगळं क्षयापुरतं नाही. आज आपल्या घराघरांत रक्तदाब आणि मधुमेह आहे. त्यांच्या गोळ्या सहा महिन्यांनी संपत नाहीत, जन्माच्या सोबतीला येतात. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे गोळी घेतल्यानं काही बरं वाटत नाही आणि सोडल्यानं लगेच काही बिघडत नाही. बिघडतं ते एकदम, अर्धांगवायूच्या किंवा हृदयविकाराच्या झटक्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटलं आहे की, दीर्घकाळच्या दुखण्यांत श्रीमंत देशांतलेसुद्धा जेमतेम निम्मे रोगी औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा हा अडाण्यांचा प्रश्न आहे असं समजू नये. मी पदवीधर आहे, पुस्तकं लिहितो, आणि माझी गोळी ओझरला खिशात सापडली.

रक्तदाबासाठी २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे पहिले जिल्हे. त्यात नवं औषध काही नाही. ठरलेली मोजकी औषधं, ती घराजवळच्या केंद्रावर, एका वेळी महिनाभराची, प्रत्येकाचं कार्ड, आणि ठरल्या दिवशी न आलेल्या माणसाला फोन. बँकेत आम्ही थकबाकीदारासाठी हेच करत असू. हप्ता चुकला की नोटीस काढण्याआधी घरी जायचं. दहातल्या नऊ घरी लबाडी नसे. बैल मेलेला असे, पोरगी बाळंतपणाला आलेली असे. अडचण कळली की हप्ता बसवून देता येई. जो अधिकारी नोटीस आधी पाठवी, त्याची वसुली कमी असे.

मग घरातल्यांनी काय करावं? मी डॉक्टर नाही, अनुभवाचं तेवढं सांगतो. "गोळी घेतली का?" हा प्रश्न वाईट नाही, पण त्याचं उत्तर "हो" असंच येतं. त्यापेक्षा "गोळीनं काही त्रास होतो का?" असं विचारावं. मळमळ, चक्कर, खर्च, लाज, कंटाळा, जे असेल ते बाहेर येऊ द्यावं आणि ऐकताना कपाळाला आठी पडू देऊ नये. गोळी रोजच्या कुठल्यातरी सवयीला बांधावी, चहाला, देवपूजेला किंवा दात घासण्याला. पाकीट संपायच्या आठवडाभर आधी नवं आणावं. लघवीचा लाल-केशरी रंग क्षयाच्या एका औषधानं येतो, त्याला भिऊ नये. पण डोळे पिवळे झाले, दिसायला कमी आलं, उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरं वाटतंय म्हणून गोळी सोडावीशी वाटली, तर तेही डॉक्टरांनाच सांगावं. खोटं मात्र सांगू नये, कारण त्यावर विसंबून डॉक्टर औषध वाढवतो. आणि हाताखाली माणसं असतील, तर कुणी अर्धा दिवस मागितल्यावर आधी कागद खाली ठेवावा.

त्या दिवशी ओझरहून घरी आल्यावर मी पत्नीला दोन दिवसांचा खाडा सांगून टाकला. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "काही होतं का त्या गोळीनं?" मी म्हणालो, सकाळी उठल्यावर गरगरतं थोडं. गेले तीन महिने गरगरत होतं आणि मी कुणाला बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यांनी गोळी बदलून दिली आणि वेळ रात्रीची केली. पाच मिनिटांचं काम होतं.

आता रात्री जेवण झालं की ती पाण्याचा ग्लास आणून माझ्यापुढे ठेवते. बोलत काही नाही. मी गोळी घेतो. टेबलावर ग्लास ठेवल्याचा तो आवाज ऐकला की मला रोज मामा आठवतात. तीन वर्षं त्यांनी माझ्यापुढे असाच ग्लास ठेवला, आणि मी एकदाही मान वर करून विचारलं नाही.